फ्यूजच्या आधीची राखण

जुन्या मोटारींबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक त्यांच्या मालकांबद्दल असते. कोणत्या संस्थानिकाने कोणती गाडी मागवली, तिचा रंग कोणता, तिच्यातून कोण कोण फिरले. गाडीच्या पोटातून गेलेल्या तारांकडे लक्ष जात नाही. खरे तर लाकडी सांगाडा, कापडी टप, गादीत भरलेला काथ्या आणि हाताच्या अंतरावर पेट्रोल अशा गाडीत आग लागायला विजेची एक उघडी तार पुरेशी होती. तरीही त्या काळातल्या अनेक गाड्या कारखान्यातून एकाही फ्यूजविना बाहेर पडत. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षे बनत होती, तिला फ्यूज नव्हता. तिच्यानंतर १९२८ ते १९३१ या काळात आलेल्या मॉडेल ए गाडीत बॅटरी, डायनामो, सेल्फ, हॉर्न, मोठे दिवे असे सगळे होते, पण फ्यूज तिलाही नव्हता. यावरून या गाड्या असुरक्षित होत्या असा निष्कर्ष पटकन निघतो, आणि तो मला मान्य नाही. त्या गाड्यांची राखण होत होती. फक्त ती राखण पत्र्याच्या डबीत बसवलेली नव्हती, ड्रायव्हरच्या सवयीत आणि मिस्त्रीच्या हातात होती. फ्यूज आल्यावर त्यातले थोडे काम फ्यूजने उचलले, सगळे नाही. हे डेट्रॉइट-बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या नकाशांवरून नीट कळत नाही. त्यासाठी गाडी जिथे चालली तो रस्ता पाहावा लागतो, आणि लोणंदच्या आसपासचे रस्ते त्या दृष्टीने फार बोलके आहेत.

लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत सदर्न मराठा रेल्वेने हा मीटरगेज मार्ग टाकला आणि नीरा नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांचा मुंबईशी संबंध जुळला. पण फलटणला रेल्वे नव्हती. नाईक-निंबाळकरांच्या त्या संस्थानी गावाला लोणंदवरून जाणारा रुळांचा फाटा २०१९ साली सुरू झाला. त्याआधीची शंभराहून अधिक वर्षे आगगाडीने येणाऱ्या फलटणच्या माणसाला लोणंदला उतरून पुढची सुमारे सव्वीस किलोमीटर रस्त्यानेच जावे लागे, आधी बैलगाडीने आणि टांग्याने, मग मोटारीने. लोणंदहून दक्षिणेला साताऱ्याकडे निघाले की सालपे घाट लागतो. पश्चिमेला खंडाळ्याकडे गेले की पुणे-सातारा रस्ता आणि त्यावरचा खंबाटकी घाट. त्याहून पुढे वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. म्हणजे लोणंदमधून निघालेली गाडी एका दिशेला धुळीत आणि उन्हात चाले, दुसऱ्या दिशेला चढणीत आणि पावसात. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतले आहे. ज्या कारखान्यात गाडीच्या तारा गुंडाळल्या गेल्या तिथल्या कोणा अभियंत्याने एकाच गाडीवर अशी दोन हवामाने धरली असतील असे वाटत नाही.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांत विजेचे काम एवढेच होते की सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायची. ते मॅग्नेटो करी. इंजिन फिरले की चुंबकाजवळून गुंडाळी फिरते, वीज तयार होते, ठिणगी पडते. इंजिन थांबले की वीज संपली. बॅटरी नाही म्हणजे साठवलेली वीज नाही, आणि साठवलेली वीज नाही म्हणजे उभ्या गाडीत तार तापून जळण्याचा प्रश्नच नाही. दिवे कार्बाइडचे किंवा रॉकेलचे. १९१५ पासून मॉडेल टीला विजेचे पुढचे दिवे आले, तेही मॅग्नेटोवरच. परिणाम असा की इंजिन हळू चालले की दिवे मंद, जोरात चालले की प्रखर, आणि फारच जोरात गेले की बल्ब उडे. इथे पहिली राखण दिसते. चढावर गाडी हळू होते तेव्हा नेमका उजेड कमी होतो. ड्रायव्हर मग गिअर खालचा टाकून इंजिनाचे फेरे वाढवी, पण बल्ब जपायचा तर ते एका हद्दीपर्यंतच. ही हद्द कानाने ओळखायची होती. तिच्यासाठी गाडीत काटा नव्हता.

त्याच गाडीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मॉडेल टीचे मॅग्नेटो फ्लायव्हीलवर बसवलेल्या सोळा चुंबकांचे होते. मॅग्नेटोतून बाहेर येणाऱ्या टर्मिनलला कोणी चुकून बॅटरीची तार लावली तर त्या चुंबकांतले चुंबकत्व उतरे आणि गाडीची ठिणगी दुबळी होई. ते पुन्हा भरायचे तर एकतर इंजिन उतरवायचे, नाहीतर गुंडाळीतून मोठा प्रवाह सोडून चुंबक गाडीतच ताजे करायचे. कोणताही फ्यूज हे नुकसान टाळू शकला नसता, कारण नुकसान व्हायला फार मोठा प्रवाह लागतच नव्हता. ते टळत होते एकाच गोष्टीने, कोणत्या टर्मिनलला हात लावायचा नाही हे माहीत असण्याने. विजेपासून राखण म्हणजे फ्यूज, असे समीकरण आपण आज मांडतो. मोटारीच्या पहिल्या वीस वर्षांत ते लागूच पडत नाही.

बॅटरी आली आणि चित्र बदलले. १९१२ च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर लागला, आणि पुढच्या दहा वर्षांत हँडल मारण्याचे काम हळूहळू मागे पडले. स्टार्टरसाठी बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनामो हवा, आणि डायनामो व बॅटरी यांच्यात कटआउट हवा. हा कटआउट समजून घेतल्याशिवाय त्या काळातली राखण समजत नाही, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. एका लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात, एक बारीक तारेची भरपूर वेढ्यांची, दुसरी जाड तारेची थोड्या वेढ्यांची. वर एक लवचीक पट्टी आणि तिच्या टोकाला दोन पॉइंट. डायनामोचा दाब सहा व्होल्टच्या गाडीत साडेसहा-सातपर्यंत चढला की बारीक गुंडाळी पट्टीला खाली ओढते, पॉइंट जुळतात, बॅटरी भरू लागते. इंजिन मंदावले, डायनामोचा दाब बॅटरीच्या खाली गेला, की प्रवाह उलटा वाहू लागतो; तो जाड गुंडाळीतून उलट गेला की ओढ सुटते, पट्टी वर उडते, रस्ता तुटतो. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले तर मात्र इंजिन बंद केल्यावरही पट्टी उठत नाही. बॅटरी डायनामोत रिकामी होऊ लागते, डायनामो मोटर होऊन फिरू पाहतो, पण पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असल्याने फिरत नाही, आणि सगळी वीज तारेत व आर्मेचरमध्ये उष्णता होऊन जाते. अशा वेळी अँपमीटरचा काटा डिस्चार्जच्या बाजूला आडवा पडलेला दिसतो. इंजिन बंद करून खाली उतरण्याआधी त्या काट्यावर एक नजर टाकायची, ही जुन्या ड्रायव्हरची सवय त्या गाडीचा खरा फ्यूज होती. काटा पडलेला दिसला तर बॉनेट उघडून कटआउटची पट्टी नखाने वर करायची, तेवढ्याने जमले नाही तर बॅटरीची तार सोडायची, आणि सवडीने पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा.

डायनामोही आजच्यासारखा समजूतदार नव्हता. त्यात तिसरा ब्रश असे. तो सरकवून भरण किती अँपियरची हवी ते हातानेच ठरवायचे. रात्री दिवे लावून फिरणाऱ्या गाडीला जास्त, दिवसा लांब पल्ल्यावर जाणाऱ्या गाडीला कमी. भरण जास्त राहिली तर बॅटरीतले पाणी उकळून उडे, पट्ट्या वाकत, आम्लाचे शिंतोडे पेटीच्या लाकडावर आणि तारांच्या वेष्टनावर पडत. चैत्र-वैशाखात फलटणच्या बाजूला चाळीसच्या वर पारा असताना दिवसभर फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे होणारच. ब्रश वेळेवर सरकवणारा मिस्त्री जवळ नसेल तर दिवसाढवळ्या दिवे लावून जादा वीज खर्च करणे हाही एक मान्य उपाय होता. उलट, चालत्या गाडीत बॅटरीचे टर्मिनल ढिले होऊन निसटले तर तीन ब्रशांच्या डायनामोला धरून ठेवणारे काहीच उरत नसे. दाब एकदम चढे, लागलेले सगळे बल्ब उडत आणि फील्डची गुंडाळी जळू शके. म्हणून टर्मिनल घासून, घट्ट आवळून, वर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावणे हे स्वच्छतेचे काम नव्हते, संरक्षणाचे होते. डायनामो दुरुस्त करून परत बसवताना बॅटरीची तार क्षणभर टेकवून त्याच्या चुंबकत्वाची दिशा गाडीला जुळवून घ्यावी लागे. ती उलटी राहिली तर कटआउटचे पॉइंट थरथरत जळून जात. ही सगळी माहिती गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकांत कमीजास्त होती, पण गाडीपर्यंत ती पोचवली ती उस्तादाने शागिर्दाला सांगून.

यावर एक हरकत नेहमी घेतली जाते की सहा व्होल्टची वीज ती काय, हाताला जाणवतसुद्धा नाही, तिच्यापासून एवढे काय राखायचे? पण हाताला बसणारा झटका दाबावर अवलंबून असतो आणि तारेचे जळणे प्रवाहावर. सहा व्होल्टची बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपियर देऊ शकते, आणि तार थेट अर्थला लागली तर तेवढेच त्या तारेलाही देते. दिव्यांच्या तारेची ताकद पंधरा-वीस अँपियरची. प्रवाह दहापट झाला की उष्णता शंभरपट होते, त्यामुळे वेष्टन पेटायला काही सेकंद पुरतात. उलट कमी व्होल्टचा एक वेगळाच तोटा होता. छत्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपियर घेतो, सहावर सहा. सांध्यात गंज बसून अर्धा व्होल्ट वाया गेला तर सहा व्होल्टच्या दिव्याचा जवळजवळ पाव उजेड जातो; तोच सांधा बारा व्होल्टच्या गाडीत असेल तर नुकसान सात टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे सहा व्होल्टच्या गाडीला गंज अधिक महाग पडे, आणि पावसाळ्यात घाट चढून आलेल्या गाडीला गंज चुकत नसे.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. घरांत वीज आली तेव्हा, म्हणजे १८८० च्या दशकातच, फ्यूज आला होता. एक बारीक तार, जादा प्रवाह आला की स्वतः वितळून रस्ता तोडणारी. एवढी स्वस्त आणि माहितीतली वस्तू कारखानदारांनी गाडीत घातली नाही, याचा अर्थ त्यांनी पैसे वाचवले, असे म्हणता येईल. पैसे वाचवले हे खरेच. पण त्याच कारखानदारांनी पुढे फ्यूज घातले तेव्हा ते कुठे घातले नाहीत हे पाहिले म्हणजे या उत्तराने समाधान होत नाही. १९३० नंतरच्या इंग्रजी गाड्यांत ल्यूकस कंपनीच्या पेटीत दोन फ्यूज दिसू लागतात. एक हॉर्नसारख्या कायम चालू हवेत अशा वस्तूंसाठी, दुसरा वायपर, पेट्रोलचा काटा अशा चावीवर चालणाऱ्या वस्तूंसाठी. ठिणगीची तार आणि पुढचे मोठे दिवे या दोहोंना मात्र कितीतरी वर्षे फ्यूज नव्हता. हे विसरण्याने झालेले नाही. सालपे घाटात अमावास्येच्या रात्री गाडी उतरते आहे, एका बाजूला दरी आहे, आणि कुठल्यातरी घासलेल्या तारेने फ्यूज उडवून दोन्ही दिवे एकदम घालवले, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की हा निर्णय कळतो. घरात फ्यूज उडाला तर माणूस अंधारात बसतो. घाटात उडाला तर गाडी अंधारात चालत राहते. तार जळू लागली तर वास येतो, धूर दिसतो, थांबायला चार क्षण मिळतात. आगीचा धोका आणि अंधाराचा धोका यांतला कोणता आधी पत्करायचा, एवढाच प्रश्न होता, आणि कारखानदारांनी आगीचा पत्करला. मला तो निर्णय त्या काळापुरता बरोबर वाटतो, कारण आगीवर लक्ष ठेवायला माणूस होता.

हाच प्रश्न अमेरिकेत वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. तिथल्या अनेक गाड्यांत दिव्यांच्या तारेवर फ्यूजऐवजी सर्किट ब्रेकर आला. दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि रस्ता तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. बिघाड झाला तर दिवे जात नाहीत, लुकलुकतात. महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये दिव्यांच्या स्विचजवळ अशी व्यवस्था होती, आणि युद्धानंतर लष्कराच्या लिलावातून अशा जीप आपल्याकडे बाहेर आल्या. पुढे महिंद्रांनी त्याच घराण्यातली जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली. डोंगराळ रस्त्यांना अंधार नको होता, आणि लुकलुकणारा दिवा हा त्यावर सापडलेला सगळ्यांत शहाणा मधला मार्ग.

पण फ्यूज असो की ब्रेकर, दोन्ही जळणे थांबवतात, बिघाड थांबवत नाहीत. बिघाड सुरू होतो तारेच्या वेष्टनात. त्या काळची तार म्हणजे तांब्याचे धागे, त्यावर रबर, त्यावर विणलेले सुती कापड आणि लाखेचा हात. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होऊन तडकते, तेलाने फुगते, सुती वेष्टन पाणी पिते. धूळ तेलात मिसळून कानशीसारखी घासते, विशेषतः जिथे तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे. भोकातली रबरी चकती गळून पडली की पुढचा दर मैल त्या तारेला पत्र्याच्या धारेवर घासत नेतो. धान्याच्या कोठारालगत गाडी उभी असेल तर उंदीर आहेतच. लोणंद-फलटणच्या कोरड्या बाजूला वेष्टन तडकायचे आणि पाचगणीच्या बाजूला त्या तड्यांतून पाणी आत जायचे. दोन्ही बाजू बघणाऱ्या गाडीचे नुकसान बेरजेने नव्हे तर गुणाकाराने होई. प्लास्टिकच्या म्हणजे पीव्हीसीच्या वेष्टनाने दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न जेवढा सोडवला तेवढा कोणत्याही फ्यूजने सोडवला नाही, असे माझे मत आहे. फ्यूजचा इतिहास सांगताना तारेच्या कापडाचा इतिहास बाजूला ठेवला जातो, हे बरोबर नाही.

तिसरी हरकत माझ्या मूळ म्हणण्यावरच आहे. मिस्त्रीच्या हातात राखण होती म्हणता, पण सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळणारा, फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा अडकवणारा कोण होता? तोही मिस्त्रीच. हे नाकारता येत नाही. ते चुकीचे होते, त्याने गाड्या जळल्या, आणि त्याला गरिबीची सबब पुरत नाही. मात्र हे कधी घडू लागले ते बघायला हवे. फ्यूज नसलेल्या गाडीत मिस्त्रीला दोष शोधावाच लागे, कारण तार तापलेली, वास येणारी, काटा पडलेला, सगळे समोर दिसे. फ्यूज आला तेव्हा दोष दिसायच्या आधीच गाडी गप्प झाली. दिसत होता तो फक्त उडालेला फ्यूज, आणि तो लोणंदसारख्या गावी लगेच मिळत नसे. प्रवासी खोळंबलेले, सुटा भाग पुण्याहून किंवा मुंबईहून येणार, अशा वेळी चंदेरी कागद पुढे आला. राखणीचे काम वस्तूकडे गेले, पण ती वस्तू का उडते हे सांगणारे शिक्षण तिच्यासोबत गेले नाही. ज्या मिस्त्रीने आधीच्या पिढीत कटआउटची पट्टी नखाने सोडवली त्याचाच शागिर्द फ्यूजपाशी फसला, आणि ही फसगत मला एकट्या माणसाच्या निष्काळजीपणापेक्षा मोठी वाटते.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि खासगी सर्व्हिस मोटारींचा जमाना ओसरू लागला. एसटीच्या आगारांमुळे विजेचे काम ही स्वतंत्र शाखा झाली, दर ठराविक दिवसांनी बॅटरी तपासणे, डायनामोचे कार्बन ब्रश बदलणे हे वेळापत्रकात बसले. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातली ॲम्बॅसॅडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासजवळ पाडी इथे ल्यूकस-टीव्हीएसचा कारखाना उभा राहिला आणि डायनामो, स्टार्टर, त्यांचे सुटे भाग देशातच मिळू लागले. मग डायनामोच्या जागी आल्टरनेटर आला. त्यातल्या सिलिकॉनच्या डायोडांनी कटआउटचे काम काहीही न हलता, न घासता करून टाकले. पण डायोडांना स्वतःचा एक नाजूकपणा होता. बॅटरी उलटी जोडली की ते क्षणात जातात, आणि चालत्या गाडीत बॅटरी सोडली की उसळलेल्या दाबाने जातात. बऱ्याच जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची धन बाजू अर्थला असे, नव्या गाड्यांत ऋण. दोन्ही पद्धतींच्या गाड्या एकाच गॅरेजात उभ्या असत तेव्हा आधी बाजू ओळखून मगच तार लावायची, ही मॉडेल टीच्या काळातली शिस्त पुन्हा कामाला आली.

आज अशा गाड्या जपणारे लोक पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबई या पट्ट्यात बरेच आहेत, आणि त्यांच्यापुढे प्रश्न असतो की मूळ गाडीत नसलेला फ्यूज आता घालावा की नाही. अस्सलपणाच्या नावाखाली तो टाळणे मला चुकीचे वाटते. मूळ गाडी फ्यूजविना चालली ती रोज तिच्याशेजारी बसणाऱ्या माणसाच्या भरवशावर, आणि आता ती गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघते, बाकी दिवस बंद शेडमध्ये एकटी उभी असते. म्हणून मॉडेल ए सारख्या गाडीत स्टार्टरच्या टर्मिनलवरून वर जाणाऱ्या मुख्य तारेवर तीस अँपियरचा एक फ्यूज, बॅटरीची तार एका झटक्यात तोडणारा स्विच, आणि सुती विणीच्या आत पीव्हीसीची तार, एवढे जरूर करावे. त्यातही विचार हवा. मुख्य तारेवर फ्यूज घातला की दिवे आणि ठिणगी दोन्ही त्याच्यामागे येतात, म्हणजे जे जुन्या कारखानदारांनी मुद्दाम टाळले तेच आपण ओढवून घेतो. दिवसा फेरी मारणाऱ्या गाडीला ते चालेल. रात्री घाट उतरायचा असेल तर दिव्यांसाठी वेगळा सर्किट ब्रेकर लावावा, ठिणगीची तार फ्यूजच्या अलीकडून घ्यावी, आणि ती जिथे जिथे पत्र्यातून जाते तिथली रबरी चकती निघण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावी.